आवाज स्वच्छ हाय

(लोणावळ्याच्या बाजारातलं वाद्यांचं छोटं दुकान. सकाळचे अकरा.)

भिमाजी : हेच घ्यायचं. ठरलं. घाल खोक्यात.

प्रदीप : भाऊ, जरा थांबा. दुसरं पण ऐकून बघा. हे स्वस्त आहे, पण मी आधीच सांगतो, ह्याच्यात प्रॉब्लेम आहे.

भिमाजी : घ्या! दुकानदारच म्हनाया लागला, माझा माल खराब हाय. स्नेहल, ऐकतीस का? लोनावळ्यात काय काय बगाया मिळंल, सांगता यायचं न्हाई.

स्नेहल : आबा, त्यांना बोलू तर द्या. वाजवणार मी आहे ना?

भिमाजी : वाजवनार तू. ऐकनार कोन? वडिवळ्यापासनं पार सुदुंबऱ्यापतोर भोंगे कुनी लावलं? चाळीस वर्सं ह्या कानांवर घर चाललंय. म्हनून तर तू मला घिऊन आलीस.

स्नेहल : हो. त्यासाठीच आणलंय. पण घाई नको. रविवारी जयंतीचा कार्यक्रम आहे, ऐनवेळी हे बंद पडलं तर मी स्टेजवर नुसती गिटार धरून उभी राहीन.

प्रदीप : ताई, तुमच्याकडे बॉक्स आहे ना? कारण हे नुसतं हेड आहे, आवाज वाढवायचं यंत्र. ह्याच्यात स्पीकर नाही.

भिमाजी : आरं, हेड मंजी डोकं, धड आपलं आपन जोडायचं. एवढं कळतंय मला. बॉक्स मी घरी ठोकलाय. पंधरा इंची, चांगल्या प्लायचा, आठ ओहमचा. दुसरा बी करनार हाय. दोन जोडलं की चार ओहम. चाराच्या खाली गेलं की हेड तापतं आनि मरतं. बोल, चुकलो का?

प्रदीप : नाही भाऊ, एकदम बरोबर. फक्त ह्याच्यावर जे तीनशे वॅट लिहिलंय ना, ते चार ओहमचं आहे. एका बॉक्सवर निम्म्याहून थोडे जास्त मिळतील.

भिमाजी : पटांगनाला बास झालं. आनि एक सांगू? तुझ्या दुकानाला अर्थिंग न्हाई.

प्रदीप : आँ? तुम्हाला कसं कळलं?

भिमाजी : घुंऽऽ करतंय की हे मगापासनं. त्या भिंतीतल्या बटनापाशी बग. तुला ऐकू येत न्हाई?

प्रदीप : मला... थांबा, दुकानातल्या ह्या बॉक्सला कान लावतो. आहे की! अगदी बारीक आहे. बाप रे. भाऊ, वायरमन मागच्या आठवड्यात म्हणाला होता, अर्थिंग तुटलंय. मी म्हटलं, नंतर बघू.

भिमाजी : आता बगून घे. आनि मला सांगतोस हेडमधी प्रॉब्लेम हाय.

प्रदीप : पण आहेच ना. हा सी-सी आवाज. गिटारला हात न लावता येतोय. एका हॉटेलच्या बँडनं दोन वर्षं वापरून विकलं, ते ह्याच कारणानं.

भिमाजी : कुटला सी-सी?

प्रदीप : हा काय. आत्ता चालू आहे.

भिमाजी : कुटं? मला तर काय लागत न्हाई. आवाज स्वच्छ हाय. स्नेहल, गिटार वाजीव बरं. जाडी तार. ...हां! बगा, पोटात बसला. हल्ली गान्यात ह्येच तेवढं मला गोड लागतं. बाकी समदं कसं मऊ मऊ, पिठावानी.

स्नेहल : आबा, सी-सी आहे. गॅसची नळी सुटल्यावर येतो ना, तसा आवाज येतोय.

भिमाजी : तू बी त्याच्याच बाजूनं? अगं, हा नऊ हजाराचं दडवून सोळा हजाराचं गळ्यात बांधतोय. दुकानदाराची रीत हाय ही.

प्रदीप : भाऊ, ऑनेस्टली, मला गळ्यात बांधायचं असतं तर मी हे दाखवलंच नसतं. स्नेहलताईंच्या आईला मी ओळखतो. कामशेतला त्यांचं गाणं ऐकलंय मी. मावशींचा कार्यक्रम आहे म्हणून तर मी—

भिमाजी : तिचा न्हाई कार्यक्रम. ती गात न्हाई आता.

प्रदीप : काय सांगता? का?

भिमाजी : गळा बसला तिचा. धार ऱ्हायली न्हाई. वय झालं की व्हतं. मीच सांगितलं तिला. आपल्या मानसानं न्हाई सांगायचं तर कुनी सांगायचं? आता तळेगावची एक पोरगी येती गायला. आनि आवाज भरावा म्हनून हिनं हे बास गिटारचं काढलं.

स्नेहल : आवाज भरावा म्हणून नाही, आबा. आईची जागा रिकामी दिसू नये म्हणून.

भिमाजी : एकच ते.

स्नेहल : एकच नाही. बरं, ते राहू दे. आबा, इकडे या. ह्या बॉक्सला वर छोटा भोंगा आहे ना, त्याला कान लावा. गिटार काढून ठेवते. ट्रेबलचं, बारीक आवाजाचं बटण पूर्ण वर. आता सांगा.

भिमाजी : काय सांगू?

स्नेहल : काय ऐकू येतंय?

भिमाजी : काय न्हाई. मुकं हाय. घुंऽऽ हाय तेवढं, अर्थिंगचं.

स्नेहल : आबा.

भिमाजी : काय?

स्नेहल : काही नाही. प्रदीपदादा, माझा मोबाइल ह्याला जोडता येईल? गिटारच्या जागी.

प्रदीप : येईल की. ही घ्या वायर. काय करताय?

स्नेहल : आमच्या कंपनीत, उर्श्याला, कंप्रेसरपाशी जे काम करतात त्यांचे कान दर वर्षी तपासतात. माणसांची यादी मीच करते. डॉक्टर मशीनवर एकेक सूर लावतो, खालून वर चढवत नेतो. तसाच सूर फोनवर लावता येतो.

भिमाजी : मंजी आता माजी क्वालिटी बगनार तू? बग बाई. कंपनीचा माल हाय मी.

स्नेहल : आवाज येतोय तोवर बोट वर ठेवा. थांबला की खाली.

भिमाजी : हे ठेवलं. ...येतोय. ...येतोय. बोटीच्या भोंग्यावानी हाय. ...आता बाईच्या आवाजावानी. ...येतोय, जरा बारीक झाला. ...बारीक झाला. ...हां, बंद केलास. बास? झालं?

स्नेहल : ...

भिमाजी : बंदच केलास ना? बोलंनास का? आनि प्रदीप, तू कान का झाकलंस रं?

प्रदीप : भाऊ...

भिमाजी : कान का झाकलं म्हनतो मी!

प्रदीप : ताई, बंद करा आधी. डोकं फुटायची वेळ आली.

स्नेहल : केला. आबा, आवाज बंद नव्हता. चालू होता. आत्ता, ह्या क्षणी बंद केला.

भिमाजी : हॅट.

स्नेहल : खरंच सांगते.

भिमाजी : तुमी दोघांनी ठरवलंय. सोळाचं खपवायला. पोरी, बापाला येडं बनवतीस? दुसऱ्याच्या दुकानात?

स्नेहल : मी कशाला बनवू? मला काय मिळणार आहे त्यातनं?

भिमाजी : मग फोन खराब हाय.

प्रदीप : भाऊ, फोन खराब असता तर माझे कान दुखले नसते.

भिमाजी : तू गप. आता मी सांगतो तसं करायचं. स्नेहल, तू भायेर जा. रस्त्याच्या कडंला, दुकानाकडं पाठ करून. तुला ह्याचा हात दिसाया नको, तोंड दिसाया नको. हा मधीच आवाज लावंल, मधीच बंद करंल. आवाज आला की हात वर, गेला की खाली. लबाडी करायची न्हाई.

स्नेहल : जाते.

भिमाजी : दार उघडं ऱ्हाऊ दे. हां. लाव रं आता. लावलास?

प्रदीप : लावला, भाऊ.

भिमाजी : ...तिनं हात वर केला.

प्रदीप : हो.

भिमाजी : बंद कर. ...खाली आला हात. लाव. ...वर. आता लय वेळ लावूच नको. ...न्हाई करत ती वर. आता मला न सांगता लाव. ...अरं, वर केला. तू लावलास?

प्रदीप : लावला.

भिमाजी : ती समोरची बाई, पिशवीवाली, ती का बगती हिकडं?

प्रदीप : आवाज आला असेल तिला पण.

भिमाजी : ती कोन हाय तुझी?

प्रदीप : कुणी नाही, भाऊ. रस्त्यानं चाललेली बाई आहे. मी कधी बघितली पण नाही तिला.

भिमाजी : कानावर हात ठिवून गेली की ती.

प्रदीप : हो.

भिमाजी : बंद कर. कर बंद. बोलीव तिला आत.

प्रदीप : ताई, या. भाऊ, हे स्टूल घ्या. बसा.

भिमाजी : मला काय धाड भरलीय बसायला! ...त्या बाईला ऐकू आलं. रस्त्यावर. गाड्यांच्या आवाजात. आनि मी हितं पेटीला चिकटून उभा.

स्नेहल : आबा, बसा.

भिमाजी : अगं, पन मला अर्थिंग ऐकू आलं! ह्याला न्हाई आलं, मला आलं!

स्नेहल : खालचं सगळं येतंय तुम्हाला. आमच्यापेक्षा चांगलं येतंय. वरचं गेलंय. कंपनीतल्या माणसांचं पण असंच जातं. आधी वरचं जातं, आणि ज्याचं जातं त्याला पत्ताच लागत नाही. जे ऐकूच येत नाही ते गेलंय हे कळणार कसं?

भिमाजी : चाळीस वर्सं मशीनच्या मागं उभा ऱ्हायलो. भोंग्याखाली. पोरं म्हनायची, आबा, जरा लांब सरा. मी म्हनायचो, लांबनं काय कळतंय?

प्रदीप : भाऊ, लय लोकांचं होतं हे. आता कानाच्या मशीन चांगल्या येतात—

भिमाजी : प्रदीप, एक सांग मला. खरं सांग. मानसाच्या गळ्यात ह्ये वरचं किती असतं?

प्रदीप : कसं सांगू... सूर सगळा खाली असतो, तो तुम्हाला येणारच. पण वरचं म्हणजे शब्दाचं टोक. स, श, च. गाणाऱ्याचा श्वास. आपण म्हणतो ना, आवाजाला धार आहे, ती सगळी वरच असते.

भिमाजी : धार.

प्रदीप : हो. म्हणजे ते गेलं की आवाज कसा, गोधडीच्या आतून आल्यासारखा लागतो.

भिमाजी : स्नेहल, मागच्या जयंतीला तुझी आई गात व्हती तवा भोंग्यातनं शिट्टी वाजत व्हती का गं?

स्नेहल : वाजत होती.

भिमाजी : लय?

स्नेहल : पुढच्या रांगेतली लहान मुलं रडायला लागली होती. आईनं दोनदा तुम्हाला खूण केली, ट्रेबल कमी करा म्हणून.

भिमाजी : मी वाढवला. मला वाटलं, ती म्हनतीय आवाज पोचत न्हाई. मला तर तिचा आवाज सपाट लागत व्हता. मी वाढवला, आजून वाढवला. तरी धार येईना. मग म्हनलो मी तिला—

स्नेहल : "नंदे, तुझा गळा बसलाय, उगं माईकला नावं ठिवू नको."

भिमाजी : हळूच म्हनलो व्हतो.

स्नेहल : तुमच्या हातात दुसरा माईक होता, आबा.

भिमाजी : बंद व्हता तो.

स्नेहल : चालू होता. सगळ्या पटांगणानं ऐकलं. मागं पोरं हसली. आईनं गाणं अर्ध्यात सोडलं, माईक खाली ठेवला आणि बायकांमध्ये जाऊन बसली.

भिमाजी : चालू व्हता? ...आनि मला कुनी सांगितलं न्हाई?

स्नेहल : मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बोललात. वर्षभर मला तसंच वाटत होतं. लय राग होता माझा तुमच्यावर. आज येताना टेम्पोत पण होता.

भिमाजी : मुद्दाम? आरं देवा... अगं, मी तिचं गानं ऐकूनच लगीन केलं तिच्याशी. सुदुंबऱ्याला तिच्या मामाकडं भोंगा लावाया गेलतो. मी मुद्दाम बोलीन तिला?

प्रदीप : भाऊ, पाणी घ्या.

भिमाजी : नको. ...गळा बसलाच न्हवता मंजी.

स्नेहल : नाही, आबा.

भिमाजी : आता बी?

स्नेहल : आता पण नाही.

भिमाजी : तुला काय ठावं? वरसभर ती घरात गुनगुनली बी न्हाई.

स्नेहल : गाते ती. तुमचा टेम्पो गेटाबाहेर पडला की गाते. पूर्ण गळ्यानं. शेजारची शकुमावशी कुंपणापाशी येऊन ऐकत बसते.

प्रदीप : ताई, आपण हे नंतर बघू या का? हेड कुठं पळून जात नाही. मी दोन्ही राखून ठेवतो.

स्नेहल : नाही, रविवार तोंडावर आलाय. दादा, मला एक सांगा, आमच्या बॉक्सला वरचा छोटा भोंगा नाही. नुसता पंधरा इंची आहे. त्याच्यावर हा सी-सी येईल का?

प्रदीप : थोडा येईल, न आल्यासारखा. पंधरा इंची स्पीकर वरचा आवाज काढतच नाही फारसा. ट्रेबल खाली ठेवलात तर लोकांना कळणार पण नाही. तसं बघितलं तर तुम्हाला नऊवालंच परवडतं. भाऊंनी बरोबर निवडलं.

भिमाजी : माझ्या बॉक्सला बी वरचं लागत न्हाई म्हन की.

प्रदीप : तसं नाही हो, भाऊ...

भिमाजी : तसंच हाय. धन्यावर गेलाय बॉक्स. घे बाई, तुला पटतंय ते घे. आता मला इचारू नको.

स्नेहल : नऊवालंच घेते. दादा, वायर पण द्या, स्पीकरची जाडवाली.

भिमाजी : स्नेहल, फोन लाव.

स्नेहल : कुणाला?

भिमाजी : कुनाला मंजी? तुझ्या आईला.

स्नेहल : घरी जाऊन बोला ना, आबा. तासाभरात पोचतोय आपण.

भिमाजी : तासाभरात माझा धीर सुटंल. लाव.

स्नेहल : ...आई, मी. हो, लोणावळ्यातच. घेतलं, हो. ऐक, आबांना बोलायचंय. नाही नाही, ठीक आहेत. स्पीकरवर टाकते. हा घ्या फोन, बोला, आबा.

भिमाजी : नंदे. मी बोलतोय. मधी बोलू नको, मला कळायचं न्हाई. त्या दिवशी पटांगनात मी जे बोललो ना... तुझा गळा बसला न्हवता. माझं कान गेल्यात. आत्ता हितं कळलं, ह्या पोरानं आनि तुझ्या पोरीनं दाखवलं. एक बाई रस्त्यानं चालली व्हती, तिला ऐकू आलं आनि मला न्हाई आलं. तुझ्या आवाजाला काय सुदिक झालेलं न्हाई. माझी चूक झाली. चारचौघांत झाली. ...आता बोल. ...काय म्हनली? स्नेहल, काय म्हनली ती? फोनमधनं मला नुसतं भुर्रर्र लागतंय.

स्नेहल : ती म्हणते... आई, परत बोल. काय? ...आबा, ती म्हणते, तिला माहीत होतं.

भिमाजी : काय माहीत व्हतं?

स्नेहल : तुमच्या कानांचं. दोन वर्षं झाली म्हणते. कुकरच्या शिट्ट्या होतात आणि तुम्ही विचारता, कुकर लावला का. मोबाइल उशापाशी वाजतो आणि तुम्हाला कळत नाही.

भिमाजी : दोन वर्सं? मंजी जयंतीच्या आधीपासनं?

स्नेहल : हो.

भिमाजी : मग तितंच का न्हाई बोलली? मी एवढं लागट बोललो, पोरं हसली, तरी ही गप गिळून बसली? इचार तिला. इचार!

स्नेहल : ऐकलं तिनं. ...म्हणते, मी तिथं बोलले असते, ह्यांना ऐकू येत नाही, शिट्टी ह्यांच्यामुळं वाजते, तर दुसऱ्या दिवशी सगळ्या सुपाऱ्या गेल्या असत्या. बाईचा गळा बसला तर बाई घरी बसते, दुसरी गायला येते. भोंगेवाला बहिरा झाला तर त्याला कोण बोलावतंय?

प्रदीप : आयला...

भिमाजी : असं म्हनली?

स्नेहल : असंच म्हणाली.

भिमाजी : आनि मी वरसभर तिला म्हनत व्हतो, मिठाच्या गुळन्या कर. काढा पी. आद्रक आनून देत व्हतो मी तिला. ती पीत व्हती! गळ्याला काय न्हाई झालेलं, आनि ती काढा पीत व्हती!

स्नेहल : आबा, हळू. ती ऐकतीय.

भिमाजी : ऐकू दे. ...स्नेहल, रविवारी मशीनवर तू उभी ऱ्हा.

स्नेहल : मी बास वाजवणार ना?

भिमाजी : मग दोन्ही कर. बटनं आधी लावून ठिव. मी फक्त वायरी वढीन, पेट्या उचलीन. बटनाला हात लावायचा न्हाई मी. लोकांनी इचारलं तर मीच सांगीन, भिमाजीचं कान गेल्यात म्हनून. सुपाऱ्या जातील त्या जातील.

स्नेहल : सांगाल?

भिमाजी : माईकवरनं सांगीन. त्याच पटांगनात. तिला इचार, म्हनावं, रविवारी गाशील का?

स्नेहल : तुम्हीच विचारा की. फोन तुमच्या हातात आहे.

भिमाजी : नंदे, रविवारी गाशील का? ...बोलली का ती? स्नेहल, बोलली का? ...अगं, तू हसत हसत डोळं का पुसतीस? काय म्हनली? मोठ्यानं सांग मला, पोरी.